चीनच्या औषधपेटीतलं टाकळ्याचं बी

चीनमधल्या जुन्या वळणाच्या औषधी दुकानात भिंतभर लाकडी खण असतात. त्यातल्या एका खणात हमखास सापडतं ते जुएमिंगज़ी नावाचं बी. तीन ते सात मिलिमीटर लांबीचं, हिरवट तपकिरी, हाताला गुळगुळीत आणि दिसायला चकचकीत. दोन्ही टोकं तिरपी छाटल्यासारखी. दाताखाली धरलं तर लवकर फुटत नाही, आणि फुटलं की किंचित कडू चव जिभेवर येते. डोळे लाल होणं, दुखणं, सारखं पाणी येणं, धूसर दिसणं, डोकं जड होणं आणि बद्धकोष्ठ या तक्रारींवर चिनी वैद्य सुमारे दोन हजार वर्षं हे बी देत आले आहेत.

महाराष्ट्रात याच बियाची झाडं पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, उकिरड्यावर माजतात. कोकणात त्यांना टाकळा म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात तरोटा. चीनच्या अधिकृत औषधकोशाने जुएमिंगज़ी म्हणून दोन जातींना मान्यता दिली आहे: सेना ऑब्ट्युसिफोलिया आणि सेना टोरा. दुसरी जात म्हणजेच आपला टाकळा. दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की वनस्पतिशास्त्रज्ञही दीर्घकाळ त्यांची गल्लत करत आले. बी जवळून पाहिलं तर फरक कळतो. टाकळ्याच्या बियाच्या दोन्ही बाजूंना फिकट पिवळसर रुंद पट्टा असतो, ऑब्ट्युसिफोलियाच्या बियात तो अगदी बारीक रेघेसारखा.

आज चीनमध्ये हे बी औषधाच्या खणात मावेनासं झालं आहे. शेवंतीची सुकी फुलं किंवा गोजी बेरी घालून त्याचा चहा होतो. वजन उतरवण्याच्या पुड्यांमध्ये ते असतं. उशांमध्ये भरलं जातं, कारण त्याने डोकं आणि डोळे थंड राहतात असा समज आहे. मॉलमध्ये लहान मुलांना खेळायला वाळूऐवजी याच बियांनी भरलेले हौद असतात, आणि मुलांच्या नाका-कानात अडकलेल्या बिया काढाव्या लागल्याच्या बातम्या चिनी वृत्तपत्रांत पुन्हा पुन्हा येतात. २००२ मध्ये चीनच्या आरोग्य मंत्रालयाने अन्न म्हणूनही आणि औषध म्हणूनही चालणाऱ्या वस्तूंची यादी जाहीर केली, तिच्यात जुएमिंगज़ी आहे. म्हणजे ते घ्यायला वैद्याची चिठ्ठी लागत नाही. या बियाचा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो. त्याचे गुण सांगितले गेले ते काही अटींसह. कोणाला द्यायचं, कच्चं की भाजून, किती आणि कुठवर, हे सगळं ठरलेलं होतं. चहाच्या पाकिटावर गुण तेवढे छापले जातात, अटी मागेच राहतात.

या बियाचा सर्वांत जुना उल्लेख शन नोंग बन छाव जिंग या ग्रंथात येतो. चीनच्या हान राजवटीच्या काळाच्या आसपास संकलित झालेल्या या ग्रंथात ३६५ औषधांची तीन वर्गांत मांडणी आहे. वरच्या वर्गातली औषधं बिनविषारी, दीर्घकाळ घेतली तरी अपाय न करणारी. जुएमिंगज़ी याच वर्गात मोडतं. दृष्टी जाणं, बुबुळावर पडदा येणं, डोळे लाल होऊन पाणी वाहणं, अशा तक्रारींवर ग्रंथ ते सांगतो, आणि बराच काळ घेतल्यास दृष्टी उजळते, शरीर हलकं होतं, असंही म्हणतो. त्या काळच्या दीर्घायुष्याच्या कल्पनेत शरीर हलकं होणं म्हणजे अंगात चैतन्य येणं. त्यात वजनकाट्याचा संबंध नव्हता. पण वजन उतरवणाऱ्या चहाला असा प्राचीन आधार आयता मिळाला. ‘दीर्घकाळ चालतं’ या जुन्या प्रशस्तिपत्राचं ओझं हे बी अजून वाहत आहे.

डोळ्याच्या तक्रारीवर पोट साफ करणारं बी का, हे समजायला चिनी वैद्यकाची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागते. त्या शास्त्रात यकृताचं द्वार डोळा आहे. यकृतात उष्णता साचली की डोळे लाल होतात, डोकं चढतं, माणूस चिडचिडा होतो. जुएमिंगज़ी गोड, कडू, खारट चवीचं आणि किंचित शीत. त्याचं कार्यक्षेत्र यकृत आणि मोठं आतडं. वरची उष्णता खालच्या वाटेने काढून टाकायची, असा हा विचार. त्यामुळे डोळा आणि कोठा या तक्रारी तिथल्या वैद्याला वेगळ्या वाटत नाहीत. औषधकोशातली मात्रा दिवसाला ९ ते १५ ग्रॅम, काढ्यात, बी ठेचून.

भाजण्याला या परंपरेत फार महत्त्व आहे. कच्चं बी अधिक शीत आणि अधिक रेचक. मंद आचेवर ते किंचित फुगून खमंग वास सुटेपर्यंत परतलं की त्याचा थंडपणा उतरतो आणि कोठ्यावरचा जोर कमी होतो. भाजलेल्या बियाला कॉफीसारखा वास येतो. भारतातही टाकळ्याचं भाजलेलं बी कॉफीऐवजी वापरलं गेलं आहे. ज्यांचा कोठा मुळातच हलका, ज्यांना पातळ जुलाब होतात, त्यांना वैद्य हे बी देत नाहीत. रक्तदाब कमी असणाऱ्यांनाही जपून. प्रयोगशाळा यायच्या कितीतरी आधी हा भेद ओळखला गेला होता आणि रसायनशास्त्राने तो खरा ठरवला, ही या परंपरेच्या बाजूने ठामपणे सांगण्यासारखी गोष्ट आहे.

सोळाव्या शतकात ली शिझेन या वैद्याने बन छाव गांगमू हा प्रचंड ग्रंथ लिहिला. १५७८ मध्ये तो पूर्ण झाला आणि लेखकाच्या मृत्यूनंतर १५९६ च्या सुमारास छापून आला. त्यात या वनस्पतीचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला घोड्याच्या खुरासारख्या बियांचा. त्याची पानं दिवसा उघडी असतात आणि रात्री जोडीजोडीने मिटून एकमेकांना चिकटतात. टाकळ्याच्या झाडाजवळ दिवेलागणीनंतर गेलेल्या कोणालाही हे वर्णन तंतोतंत पटेल. डोळ्यांच्या औषधासाठी हाच प्रकार उत्तम, असं ली सांगतो. दुसऱ्या प्रकाराची पानं टोकदार, रात्रीही न मिटणारी, बिया चपट्या. त्याचे कोवळे कोंब, फुलं, शेंगा उकडून खाता येतात; खुराच्या बियांच्या प्रकाराचे कोंब आणि शेंगा मात्र चिवट आणि कडू, खाण्याजोग्या नाहीत, असा त्याचा निर्वाळा आहे.

इथे कोकणातल्या बायका लीच्या या निर्वाळ्याला हरकत घेतील. पहिल्या पावसानंतर उगवलेला बोटभर उंचीचा टाकळा खुडून आणायचा, भरपूर कांद्यावर परतायचा, त्यात भिजवलेली चणाडाळ किंवा फणसाच्या आठळ्या घालायच्या आणि वरून ओलं खोबरं पेरायचं. पानाला उग्र वास असतो, तो शिजताना जातो. मात्र भाजी होते ती दोन-तीन आठवडेच. पान जून झालं की कडवट होतं, आणि मग टाकळ्याकडे कोणी फिरकत नाही. लीने पाहिला तो बहुधा जून टाकळा असावा.

टाकळ्याबरोबर उगवणाऱ्या कुर्डूचीही इकडे भाजी होते आणि तिकडे औषध. कुर्डूचं बारीक, काळं, चमकदार बी चीनमध्ये छिंगशियांगज़ी नावाने डोळ्यांवर दिलं जातं. त्याच्यासोबत औषधकोशात स्पष्ट ताकीद आहे: बाहुली विस्फारण्याचा त्याचा गुणधर्म असल्याने काचबिंदूच्या रुग्णाने ते घेऊ नये. ‘डोळ्यांना चांगलं’ एवढंच ऐकून औषध घेणाऱ्याने ही ओळ वाचायला हवी, कारण दृष्टी मंद झाल्यावर उपाय शोधणाऱ्यांतच काचबिंदूचे रुग्ण असतात.

आता प्रयोगशाळेकडे. जुएमिंगज़ीच्या बियांत अँथ्राक्विनोन वर्गातली रसायनं आहेत: क्रिसोफॅनॉल, ऑब्ट्युसिन, ऑरँशिओ-ऑब्ट्युसिन, इमोडिन आणि त्यांचे भाईबंद. सोनामुखी, कोरफडीच्या सालीतला पिवळा रस आणि रेवंदचिनी यांची रेचक शक्तीही याच कुळातली. यांतली काही रसायनं साखरेच्या रेणूला जोडलेली असतात. ती लहान आतड्यात फारशी शोषली न जाता मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू साखर तोडतात, मोकळं झालेलं रसायन आतड्याची हालचाल वाढवतं आणि पाणी शोषलं जाण्याला अडवतं. भाजताना उष्णतेने हे साखरेचे जोड तुटतात आणि रेचक जोर ओसरतो. बद्धकोष्ठावरच्या वापराला असा समजण्याजोगा आधार आहे. या बियाच्या सगळ्या दाव्यांत हाच दावा सर्वांत भक्कम पायावर उभा आहे.

कोलेस्टेरॉलचा दावा त्याहून बराच कच्चा. उंदरांवर आशादायक निष्कर्ष पुष्कळ आहेत. माणसांवरच्या अभ्यासांत २००५ चा एक कोरियन अभ्यास वारंवार सांगितला जातो. टाइप २ मधुमेहाच्या १५ रुग्णांना दोन महिने टाकळ्याच्या बियांतला विद्राव्य तंतू दिला गेला. एकूण कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. उपाशीपोटीच्या साखरेत मात्र फरक पडला नाही. पंधरा माणसं आणि दोन महिने, एवढ्यावर औषधाचा निवाडा होत नाही. शिवाय तो परिणाम तंतूचा होता. असा तंतू ओट्समध्येही असतो, इसबगोलातही असतो, आणि त्यांच्यासाठी पुरावा कितीतरी जास्त आहे. कोलेस्टेरॉलसाठी जुएमिंगज़ी चहा पिणाऱ्याला काढ्यात तंतू कितीसा मिळतो, हा साधा प्रश्न जाहिरातीत कोणी विचारत नाही.

डोळ्यांचा दावा सर्वांत जुना आणि पुराव्याच्या बाबतीत सर्वांत दुबळा. प्राण्यांच्या दृष्टिपटलावर, पेशींवर प्रयोग झाले आहेत. त्यांतून माणसाच्या मोतीबिंदूवर किंवा काचबिंदूवर हे बी चालतं असं म्हणता येत नाही. डोळे चुरचुरत असताना शेवंती-जुएमिंगचा गरम पेला शांतपणे प्यायल्याने बरं वाटत असेल तर वाटू दे. पण दृष्टी हळूहळू कमी होत असताना चहावर विसंबून नेत्रतज्ज्ञाकडे जाणं लांबवणं महागात पडतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

या बियाचा चौथा उपयोग चिनी ग्रंथांपेक्षा भारतीय परंपरेत अधिक ठळक आहे, तो त्वचेवरचा. आयुर्वेदात चक्रमर्द म्हणून टाकळ्याचं बी नायटा, गजकर्ण यांवर प्रसिद्ध आहे. बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लेप लावायचा. १९७५ मध्ये आचार्य आणि चॅटर्जी या संशोधकांनी टाकळ्यातला मुख्य बुरशीनाशक घटक वेगळा काढला, तो क्रिसोफॅनिक आम्ल-९-अँथ्रोन. या रसायनाचा गोव्याशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात नायट्यावर ‘गोवा पावडर’ विकली जाई. तिचं मूळ बराच काळ गूढ होतं. १८७० च्या दशकात उलगडा झाला की ती ब्राझीलमधल्या आरारोबा झाडाच्या खोडातली भुकटी आहे आणि पोर्तुगीज व्यापारमार्गाने गोव्यात येते. तिच्यातल्या क्रिसारोबिनमध्ये हाच अँथ्रोन होता. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीला क्रिसारोबिन मिळेनासं झालं, तेव्हा १९१६ मध्ये तिथे त्याचा कृत्रिम पर्याय वापरात आला. तोच डिथ्रॅनॉल, सोरायसिसवरचं औषध, जो त्वचारोगतज्ज्ञ आजही ओळखतात. परंपरेतला अनुभव प्रयोगशाळेतून जाऊन खरोखरच औषध झाला, अशी ही वाट आहे. क्रिसारोबिन त्वचा जाळतं आणि डाग पाडतं. म्हणून घरगुती लेप चेहऱ्यावर किंवा नाजूक जागी लावू नये.

धोक्याची बाजू या कौतुकाइतक्याच तपशिलाने सांगायला हवी.

अँथ्राक्विनोन असलेली रेचकं महिनोन्‌महिने घेतली की मोठ्या आतड्याचं अस्तर काळपट पडतं. वैद्यकात त्याला मेलॅनोसिस कोलाय म्हणतात. औषध थांबवल्यावर काळेपणा हळूहळू जातो, पण तोवर आतड्याला रेचकाशिवाय हलण्याची सवय उरलेली नसते आणि अंगातलं पोटॅशियम उतरण्याची भीती असते. चीनमध्ये वजन उतरवणारे चहा पिणाऱ्यांत हा काळेपणा डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा आहे. जुलाबाने घटतं ते पाणी, चरबी नव्हे. गरोदर बाई, मूल आणि मूत्रपिंडाचा रुग्ण यांनी असा चहा टाळावा, हे सांगायला वेगळ्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही. उंदीर-घुशींना मोठ्या मात्रेत ऑरँशिओ-ऑब्ट्युसिन दिल्यावर यकृताला इजा झाल्याचं खुद्द चिनी संशोधकांनी नोंदवलं आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात यांतली सेना ऑब्ट्युसिफोलिया ही जात सोयाबीनच्या शेतातलं त्रासदायक तण आहे, आणि तिच्या बिया चाऱ्यात आल्या की गुरांचे स्नायू खराब होतात, हे तिथल्या पशुवैद्यांना ठाऊक आहे.

भारतात याहून कितीतरी दारुण गोष्ट घडली, ती टाकळ्याच्या सख्ख्या चुलत भावाकडून. सेना ऑक्सिडेंटॅलिस, म्हणजे कासविंदा, टाकळ्याच्याच जागांवर वाढतो. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं पावसाळा सरता सरता लहान मुलं अचानक बेशुद्ध पडत आणि काही दिवसांत दगावत. विषाणूजन्य मेंदूज्वर म्हणून त्याची नोंद होई. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे टी. जेकब जॉन यांनी सहकाऱ्यांसह शोध घेतला आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडला: गरीब घरांतल्या मुलांनी कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या, आणि त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू एकदमच निकामी होत होते. २०१६ मध्ये ओडिशातल्या मलकानगिरीत शंभराहून अधिक मुलं गेली, तेव्हा जपानी मेंदूज्वराबरोबरच तिथे ‘बडा चाकुंडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच झाडाकडे बोट दाखवलं गेलं. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विषबाधा झालेल्या मुलांच्या नमुन्यांत अँथ्राक्विनोन सापडली. कुळ तेच, प्रमाण आणि परिणाम वेगळे. म्हणून टाकळा विषारी ठरत नाही. पण बी कोणत्या झाडाचं, ही चौकशी जीवन-मरणाची आहे, हे यातून निश्चित ठरतं.

एक विरोधाभास खाद्यउद्योगात दिसतो. टाकळ्याच्या बियातला सालीआतला पांढरट भाग वेगळा करून त्याची पूड केली की कॅसिया गम हा डिंक मिळतो. पाळीव प्राण्यांचं डबाबंद खाद्य आणि काही दुग्धपदार्थ घट्ट करायला तो वापरतात. युरोपात त्याचा क्रमांक ई ४२७. माणसाच्या खाण्यात त्याला परवानगी देताना युरोपीय नियमांनी अट घातली की त्यात अँथ्राक्विनोन किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी हवं, आणि कच्च्या मालात कासविंद्याची भेसळ ०.०५ टक्क्यांच्या आत हवी. चहाच्या पेल्यात ज्या रसायनासाठी पैसे मोजले जातात, तेच डिंकात दूषित द्रव्य मानून काढून टाकलं जातं. मात्रा आणि उद्देश बाजूला ठेवले तर ‘हे बी चांगलं की वाईट’ या प्रश्नाला उत्तरच नाही. चीनचा औषधकोशही आता या बियाची अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषांसाठी तपासणी मागतो: किलोत बी१ प्रकार ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ओलसर गोदामात पडलेल्या बियाला बुरशी धरते आणि ती विषं भाजूनही पुरती जात नाहीत.

२०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने टाकळ्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. अँथ्राक्विनोन बनवण्याची पहिली पायरी कोणत्या विकराने पार पडते, ते वनस्पतीत प्रथमच त्यातून उघड झालं. कोरियात हे बी ग्योलम्योंगजा म्हणून चहात जातं, जपानमध्ये केत्सुमेइशी म्हणून. त्यामुळे तिथल्या संशोधकांना या झाडात रस असणं स्वाभाविक आहे.

भारताची भूमिका यात पुरवठादाराची. छत्तीसगडात चरोटा, उत्तरेत पुवाड, आणि विदर्भात तरोटा म्हणून हे बी शेतमजूर आणि आदिवासी बायका पावसाळा संपल्यावर वेचतात, झोडपतात, पाखडतात आणि गावच्या व्यापाऱ्याला विकतात. गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत पुवाडाचं बी आहे. पुढे ते निर्यातदारांमार्फत पूर्व आशियात आणि डिंकाच्या कारखान्यांत जातं. ज्या बांधावर तरोटा वाढतो तिथेच कासविंदाही वाढतो, आणि गोणीत एकदा मिसळले की निवडणं जिकिरीचं. उभ्या झाडावर मात्र दोन्ही सहज ओळखू येतात. टाकळ्याच्या पानावर गोलसर पर्णिकांच्या तीन जोड्या, शेंग बारीक, लांबलचक, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार आणि चार-सहा जोड्यांच्या, शेंग चपटी, रुंद, मध्ये तपकिरी आणि कडांना फिकट. वेचणी करणाऱ्या गटांना हा फरक झाडासमोर उभं राहून दाखवणं, टाकळ्याच्या शेंगा वेगळ्या झोडपायला लावणं आणि कासविंदा दिसेल तिथे तो शेंगा धरण्याआधीच उपटून टाकणं, एवढं काम ग्रामपंचायत आणि वनविभाग मिळून एका हंगामात करू शकतात. त्याने परदेशी खरेदीदाराला स्वच्छ माल मिळेल, आणि त्याच रानात खेळणारी पोरंही वाचतील.